आधी पट्टी लावा, मग पार्ट बदला: लेझर प्रिंटरची छपाई आणि कटरची मोटर तपासायची पद्धत

मुंबईत कोर्ट, कॉलेज किंवा रजिस्ट्रेशन ऑफिसच्या आसपासच्या झेरॉक्स-छपाईच्या दुकानांत धंदा बहुधा दोन यंत्रांवर चालतो. काउंटरजवळ लेझर प्रिंटर आणि मागच्या बाजूला कागद कापायचं मशीन. मशीन मोठं असेल तर ते थ्री-फेज मोटरवर चालतं. प्रिंटवर डाग आला की आधी कार्ट्रिज बदललं जातं, मग ड्रम (ज्यावर प्रतिमा उमटते तो गोल दांडा), मग फ्यूजर (प्रतिमा तापवून कागदावर पक्की करणारा भाग). मोटर तापली की ती थेट रिवाइंडिंगवाल्याकडे, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळणाऱ्याकडे जाते. यात पैसा जातोच, पण पार्ट बदलल्यावर दोष मुळात कुठे होता तेही कळत नाही आणि महिन्याभरात तो पुन्हा उगवतो.

दोन्ही यंत्रं आपला दोष मोजता येईल अशा रूपात दाखवतात. प्रिंटर तो कागदावर मिलिमीटरमध्ये दाखवतो, मोटर ओहम आणि अँपिअरमध्ये. तो वाचायचा कसा, हे इथे क्रमाने लिहिलं आहे. लिहिताना मी दुकानदार आणि नवीन सर्व्हिस इंजिनीअर या दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवलं आहे. ज्या कामाला जाणकार हात हवा, तिथे तसं स्पष्ट सांगितलं आहे.

हाताशी काय हवं

स्टीलची पट्टी, व्यास मोजायला व्हर्नियर, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मल्टिमीटर, वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा टाँग टेस्टर आणि तारांचं इन्सुलेशन तपासणारा ५०० व्होल्टचा मेगर. लॅमिंग्टन रोड आणि लोहार चाळ या दोन ठिकाणी मिळून हे सगळं मिळतं. मेगर विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून तासाभरासाठी आणा. पट्टी मात्र स्वतःची आणि चांगली घ्या, कारण प्रिंटरचं निम्मं निदान तिच्यावरच होतं.

प्रिंटर उघडण्याआधी बंद करून प्लग काढा. लेझरचा किरण अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटण्याआधीच इजा होते. झाकणाचा सेफ्टी स्विच दाबून ठेवून आत बघण्याचा प्रयोग कधीही करू नका. फ्यूजर २०० अंशांच्या आसपास तापतो, तो निवू द्या. टोनर, म्हणजे छपाईची भुकटी, सांडला तर घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याच्या फिल्टरमधून बारीक भुकटी परत हवेत येते. हात थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने टोनर चिकटतो.

कोणत्या शोधाने काय सुधारलं आणि आज तिथे काय बिघडतं

कोरड्या भुकटीने स्थिर विजेच्या जोरावर प्रतिमा उमटवण्याचं तंत्र चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात पहिल्यांदा यशस्वी केलं. त्यात लेझर आणला गॅरी स्टार्कवेदर यांनी. १९६०च्या दशकाच्या अखेरीस झेरॉक्समध्ये काम करताना त्यांना ही कल्पना सुचली आणि १९७१ मध्ये पालो अल्टोच्या संशोधन केंद्रात त्यांचा प्रिंटर चालू झाला. अडचण होती फिरत्या बहुभुज आरशाची. लेझरचा किरण ड्रमवर ओळीने फिरवणाऱ्या या आरशाचा प्रत्येक पैलू फिरण्याच्या आसाला अगदी समांतर हवा. एखादा किंचित कलला तरी त्या पैलूची ओळ वर-खाली सरकते. तितका अचूक आरसा परवडणाराच नव्हता. त्यांनी दंडगोलाकार भिंग वापरलं. आरसा थोडा कलला तरी हे भिंग किरणाला पुन्हा ठरलेल्या ओळीवर आणतं. लेझर प्रिंटर टेबलावर यायचा रस्ता या भिंगाने मोकळा केला, असं मला वाटतं. झगमगीत लेझरचं नाव सगळ्यांना माहीत आहे, या साध्या भिंगाचं कुणाला नाही.

१९७७ मध्ये झेरॉक्स ९७०० आला, मिनिटाला १२० पानं छापणारा. १९८४ मध्ये एचपीचा लेझरजेट कॅननच्या इंजिनवर आला, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) आणि मिनिटाला ८ पानं. त्या इंजिनाने दुकानदाराला दिलेली मोठी सोय म्हणजे कार्ट्रिज. ड्रम, टोनर आणि चार्ज देणारी यंत्रणा एकाच डब्यात, त्यामुळे झिजणारे भाग एका झटक्यात बदलता येऊ लागले. पुढे हजारो व्होल्टच्या कोरोना तारेऐवजी चार्ज देणारा रबरी रोलर आला, ज्याला आपल्याकडे पीसीआर म्हणतात, आणि ओझोनचा उग्र वास जवळपास गेला. फ्यूजरमध्ये हॅलोजनच्या जाड रोलरऐवजी सिरॅमिक हीटर आणि पातळ फिल्म आली. बाजारात तिला टेफ्लॉन म्हणतात. तिच्यामुळे पहिलं पान काही सेकंदांत बाहेर येतं.

या प्रत्येक सुधारणेबरोबर बिघाडाची एक नवी जागाही आली. पीसीआरला टोनर चिकटतो, टेफ्लॉन फाटतं, आरशाच्या मोटरचं बेअरिंग थकतं. आता ती जागा शोधू.

पहिली पायरी: पान मध्येच थांबवा

दोष दिसणारं पान छापायला द्या आणि कागद साधारण अर्धा आत गेला की पुढचं झाकण उघडा. मोटर लगेच थांबते. मग स्विच बंद करून कार्ट्रिज बाहेर काढा, ड्रमवरचं झाकण उचला आणि ड्रमवरची टोनरची प्रतिमा बघा. मिनिटभरापेक्षा जास्त वेळ लावू नका, उजेडाने ड्रम खराब होतो.

ड्रमवर अक्षरं स्वच्छ आणि कागदावर खराब, तर दोष ट्रान्सफर रोलर (टोनर ड्रमवरून कागदावर ओढणारा), कागद किंवा फ्यूजरमध्ये. ड्रमवरच खराब, तर दोष लेझर, चार्ज किंवा डेव्हलपरच्या (ड्रमला टोनर लावणाऱ्या भागाच्या) बाजूला. ट्रान्सफर झालेला पण फ्यूजरपर्यंत न पोचलेला कागदाचा भागही बघा. तिथे छपाई चांगली असून बाहेर आल्यावर बोटाने पुसली जात असेल, तर फक्त फ्यूजर राहतो. एका पानात अर्धी यंत्रणा संशयातून बाद होते. म्हणून कुठलाही पार्ट मागवण्याआधी ही चाचणी कराच.

दुसरी पायरी: डागांमधलं अंतर मोजा

पानावर एकच डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो एखाद्या गोल भागाचा आहे. अंतर म्हणजे त्या भागाचा परीघ, आणि परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४. लहान प्रिंटरमध्ये २४ मिमी व्यासाचा ड्रम सर्रास असतो, त्याचा परीघ ७५.४ मिमी. काही मोठ्या यंत्रांत ३० मिमीचा असतो, त्याचा ९४.२ मिमी. बाकीच्या रोलरचे आकडे पाठ करण्यापेक्षा तुमच्या मशीनमधला रोलर व्हर्नियरने मोजा आणि सगळ्यांचा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

मोजताना दोन शेजारच्या डागांवर पट्टी लावू नका, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत मोजून मधल्या अंतरांच्या संख्येने भागा. अर्ध्या मिलिमीटरची चूक अशी विभागली जाते.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. पीसीआर १२ मिमीचा असेल तर त्याचा परीघ ३७.७ मिमी येतो, म्हणजे २४ मिमीच्या ड्रमच्या बरोबर निम्मा. अशा वेळी डाग ३७.७ ला येतो की ७५.४ ला, हे नीट बघा. पीसीआरचा डाग ड्रमच्या एका फेरीत दोनदा दिसतो, ड्रमचा एकदाच. दुसरी फसगत मॅग्नेटिक रोलरची, म्हणजे ड्रमला टोनर पुरवणाऱ्या रोलरची. तो ड्रमपेक्षा थोडा जास्त वेगाने फिरतो, त्यामुळे कागदावरचं अंतर त्याच्या परिघापेक्षा कमी येतं. समजा परीघ ३७.७ मिमी आणि वेग ड्रमच्या १.१ पट, तर कागदावर डाग ३४.३ मिमीला येईल. अंतर कुठल्याच रोलरशी जुळत नसेल तर आधी या रोलरकडे बघा.

डाग कागदाच्या मागच्या बाजूला असेल तर ट्रान्सफर रोलर किंवा फ्यूजरचा प्रेशर रोलर घाण झालेला असतो. आधीच्या अक्षरांची फिकी सावली ड्रमच्या परिघाएवढ्या अंतरावर पुन्हा दिसली तर ड्रम नीट साफ किंवा डिस्चार्ज होत नाही, आणि टेफ्लॉनच्या परिघावर दिसली तर टोनर फ्यूजरला चिकटतो आहे.

उभ्या रेघा

उभ्या रेघेला परीघ नसतो, इथे भिंग लागतं. पांढऱ्या उभ्या रेघेच्या कडा धूसर असतील तर लेझरच्या काचेवर धूळ आहे. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. कडा तीक्ष्ण असतील तर डॉक्टर ब्लेडखाली (मॅग्नेटिक रोलरवरचा टोनरचा थर सारखा करणाऱ्या पात्याखाली) टोनरची गाठ अडकली आहे. काळी, बारीक, सलग रेघ बहुतेक वेळा ड्रमवरच्या ओरखड्याची किंवा तुटक्या वायपर ब्लेडची (ड्रमवर उरलेला टोनर पुसणाऱ्या पात्याची) असते. स्वस्तातल्या रिफिलनंतर ती आली असेल तर ब्लेडच तपासा.

तिसरी पायरी: प्रिंटरच्या आतल्या मोटरी

आडव्या, फिक्या-गडद पट्ट्या हा छपाईतला सगळ्यात चिवट दोष. तो टोनरचा नसतो, वेगाचा असतो. ड्रम क्षणभर हळू झाला तर लेझरच्या ओळी दाटीने पडतात, जोरात गेला तर विरळ. एक-दोन मिलिमीटरच्या अंतराने येणाऱ्या पट्ट्या डोळ्याला विशेष खुपतात, आणि दुर्दैवाने गियरच्या दातांचं अंतर नेमकं तेवढंच पडतं. ड्रमच्या गियरला ४० दात असतील तर ७५.४ भागिले ४०, म्हणजे साधारण १.९ मिमी. करड्या रंगाने भरलेलं पान छापा, दहा पट्ट्यांचं अंतर मोजून दहाने भागा आणि दात मोजून पडताळा. जुळलं तर झिजलेला गियर सापडला. ड्रमला नवा गियर बसवताना टोकाशी डुगडुग राहिली असेल तरी हेच होतं.

गियर ठीक असतील तर मुख्य मोटर बघा. ती बहुधा ब्रशलेस डीसी असते, २४ व्होल्टवर चालते आणि वेग सांभाळणारं सर्किट तिच्याच बोर्डावर असतं. यापुढचं काम अनुभवी हातानेच करावं. बाजूचं झाकण काढून मोटरच्या कनेक्टरवर २४ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर सेफ्टी स्विच किंवा पॉवर सप्लाय तपासा, मोटरला दोष देऊ नका. येत असतील तर ड्रम फिरवणाऱ्या गियरवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये दहा फेऱ्या टिपा. कागदाचा वेग सेकंदाला १०० मिमी असेल आणि ड्रम २४ मिमीचा, तर दहा फेऱ्यांना साधारण साडेसात सेकंद लागायला हवेत. यातून सरासरी वेग कळतो. बारीक थरथर मोजायची तर मोटरच्या वेगाच्या सिग्नल वायरवर मल्टिमीटर फ्रिक्वेन्सीवर ठेवा. आकडा हलत राहिला तर बेअरिंग किंवा मोटरवरचा भार संशयास्पद.

भार तपासायला वीज बंद करून गियरची साखळी हाताने फिरवा. एकाच जागी अडत असेल तर तिथला रोलर किंवा बुश काढून साफ करा. कित्येकदा मोटर निर्दोष असते आणि घट्ट झालेला प्रेशर रोलर तिला थकवत असतो.

स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी फिरणारी) असेल तर तिची तपासणी सोपी. दोन्ही कॉइलचा ओहम सारखा यायला हवा. एका कॉइलच्या दोन वायरी जोडून शाफ्ट फिरवला तर तो जड लागतो, सोडल्या की हलका. जड लागत नसेल तर कॉइल तुटली आहे.

आरशाची मोटर सगळ्यात नाजूक. तिचा वेग हिशेबाने काढता येतो. ६०० डीपीआयला दोन ओळींतलं अंतर ०.०४२३ मिमी. कागद सेकंदाला १०० मिमी सरकत असेल तर सेकंदाला सुमारे २,३६२ ओळी लागतात. आरशाला ४ पैलू आणि किरण एक असेल, तर मिनिटाला ३५,००० हून अधिक फेरे. ६ पैलू असले तर साधारण २३,६००. या वेगाला साधं तेल चालत नाही, बेअरिंगमध्ये काहीही टाकू नका. प्रिंटर सुरू केल्यावर तिची शीळ चढत जाऊन काही सेकंदांत एका सुरावर स्थिरावली पाहिजे. शीळ वर-खाली होत राहिली आणि स्कॅनरची एरर आली, तर पूर्ण लेझर युनिट बदलणं शहाणपणाचं. खात्री करायला एका पिक्सेलच्या उभ्या रेघा छापा आणि भिंगाखाली धरा. कड दर ४ किंवा ६ ओळींनी त्याच प्रकारे दातेरी दिसली तर दोष आरशाच्या पैलूंचा, कसलाही क्रम नसताना लहरत असेल तर मोटरच्या वेगाचा.

आणि प्रिंटरच्या कुठल्याही मोटरला मेगर लावू नका. ५०० व्होल्टने तिचा ड्रायव्हर बोर्ड एका क्षणात जाईल.

पावसाळा

जून ते सप्टेंबर मुंबईतल्या अर्ध्या तक्रारी कागदाच्या असतात. ओलसर कागद वीज वाहू लागतो, ट्रान्सफर रोलरचा चार्ज त्यातून निसटतो आणि छपाई ठिपक्याठिपक्यांनी फिकी पडते. फ्यूजरची उष्णता पाणी उडवण्यात जाते, टोनर नीट वितळत नाही आणि पान वळतं. ट्रेमध्ये त्या दिवसापुरताच कागद घाला, उघडलेलं रीम प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. मध्येच थांबवून केलेल्या चाचणीत ड्रमवर प्रतिमा चांगली दिसली, तर कागदाचं नवीन पाकीट उघडून एक प्रिंट काढा. बऱ्याचदा काम तिथेच संपतं. आणखी एक: लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका. फ्यूजर चालू होताना एकदम मोठा करंट ओढतो.

चौथी पायरी: कटरची मोटर

इथे मेगरची जागा आहे. इन्सुलेशन तपासायचं हे सोबत नेता येणारं साधन इंग्लंडच्या सिडनी एव्हरशेड यांनी १८८९ मध्ये आणलं. त्याआधी वाइंडिंगचं, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेढ्यांचं, इन्सुलेशन खराब होत चाललं आहे हे बहुधा ती जळाल्यावरच कळायचं.

एमसीबी बंद करा, ती कुणी चालू करणार नाही याची सोय करा आणि टर्मिनलवर व्होल्टेज नाही हे मीटरने बघून घ्या. मोटरच्या वायरी स्टार्टर किंवा ड्राइव्हपासून सोडवा. मेगरची एक वायर बॉडीला, रंग खरवडून चकचकीत केलेल्या जागी, आणि दुसरी वाइंडिंगला. ५०० व्होल्ट बरोबर एक मिनिट द्या आणि मगच आकडा वाचा. मग वाइंडिंग अर्थला जोडून किमान चार मिनिटं डिस्चार्ज होऊ द्या.

कमी व्होल्टेजच्या अशा मोटरीसाठी आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या ४३ क्रमांकाच्या मानकाची किमान मर्यादा ४० अंश तापमानाला ५ मेगओहम आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचा रोध साधारण निम्मा होतो. म्हणून ३० अंशाला ८ मेगओहम आले तर ४० अंशाला ते ४ च्या आसपास धरा, म्हणजे मोटर नापास. एकट्या वाचनापेक्षा दर महिन्याची नोंद मोलाची. मे महिन्यात २०० असलेला आकडा जुलैत ६ वर आला, तर मोटरमध्ये ओल शिरली आहे. टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडं ठेवून शेजारी दोन जुने पिवळे बल्ब रात्रभर लावा आणि सकाळी पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिवाइंडिंगचा खर्च वाचला.

मेगर फक्त वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन सांगतो. एकाच कॉइलचे दोन वेढे आपसात चिकटले असतील तर तो ठणठणीत आकडा दाखवेल. त्यासाठी सर्ज टेस्ट असते. तीत दोन फेजना सारखाच तीक्ष्ण व्होल्टेजचा झटका देऊन त्यांच्या लहरी एकमेकींवर ठेवून बघतात. चांगल्या रिवाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये हे यंत्र असतं, काम देण्याआधी विचारा. तुमच्या पातळीवर मोटरच्या टर्मिनलच्या तिन्ही जोड्यांचा ओहम मोजा. दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक संशयास्पद. आकडा एखाद-दुसऱ्या ओहमचा असेल तर साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध तो बिघडवतो, तेव्हा चार वायरींचा मीटर लागतो.

आता मोटर जोडून, ब्लेड न चालवता, टाँग टेस्टरने तिन्ही फेजचा करंट घ्या. एक फेज जास्त दाखवत असेल तर मोटरला दोष देण्याआधी तिन्ही वायरी एक-एक घर पुढे सरकवून जोडा. दिशा तीच राहते. जास्त करंट त्याच सप्लाय वायरवर राहिला तर दोष सप्लायचा, मोटरच्या टर्मिनलबरोबर सरकला तर मोटरचा. या एका चाचणीने कितीतरी चांगल्या मोटरी रिवाइंडिंगपासून वाचतात.

सप्लायही मोजा. ४१५, ४१० आणि ४०२ व्होल्ट आले तर सरासरी ४०९, सगळ्यात मोठा फरक ७, म्हणजे असमतोल १.७ टक्के. ऐकायला किरकोळ, पण व्होल्टेजमधला एक टक्का असमतोल करंटमध्ये सहा ते दहा पट होऊन उतरतो. बहुतेक वेळा कारण मीटरच्या खोलीतलं सैल किंवा समुद्राच्या हवेने गंजलेलं टर्मिनल असतं. ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

मोटर गुणगुणत असेल तर चालू असताना स्विच बंद करा आणि ऐका. आवाज त्याच क्षणी थांबला तर तो विजेचा. रोटर (मोटरचा फिरणारा भाग) फिरत असेपर्यंत चालू राहिला तर बेअरिंगचा.

तापमान हाताने अजमावू नका, ओहममधून काढा. थंड मोटरचा रोध ३० अंशाला १० ओहम होता आणि दिवसभराच्या कामानंतर बंद करताच १२.५ आला, तर गुणोत्तर १.२५. तांब्यासाठी ३० मध्ये २३५ मिळवा, १.२५ ने गुणा, २३५ वजा करा. वाइंडिंगचं तापमान ९६ अंश. आसपासची हवा ३० अंशांची असेल तर वाढ ६६ अंशांची. क्लास म्हणजे इन्सुलेशनचा उष्णता सोसण्याचा दर्जा. क्लास बी वाइंडिंगला ८० अंशांची वाढ चालते, क्लास एफ ला १०५ ची. म्हणजे बाहेरून हात भाजला तरी ही मोटर निरोगी आहे.

इतकं करूनही मोटर नापास झाली, तर रिवाइंडिंगला देताना तिचा विनालोड (रिकामी चालतानाचा) करंट आणि तिन्ही ओहम कागदावर लिहून द्या. तारेचा गेज आणि वेढे मूळ होते तेवढेच ठेवायला सांगा. जुनी वाइंडिंग काढताना स्टेटर (तार बसवलेला मोटरचा स्थिर भाग) उघड्या आगीवर धरू नये, हेही स्पष्ट सांगा. फार तापलेल्या लोखंडी पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं, आणि मग नवी तार घालूनही मोटर रिकामी चालताना जास्त करंट ओढते. परत आली की पैसे देण्याआधी त्याच मेगरने आणि त्याच टाँग टेस्टरने तिथेच मोजा. विनालोड करंट पूर्वीपेक्षा बराच वाढला असेल तर मोटर तिथेच ठेवून या.